कास पठार: तिकीट, कुंपण आणि पाणी

कासची फुलं महाराष्ट्रात आता बहुतेकांना माहीत आहेत. ती राखण्यासाठी गेल्या दीड दशकात घेतलेले निर्णय मात्र फारसे कोणी तपासलेले नाहीत. संरक्षित निसर्गाची आर्थिक आणि सामाजिक किंमत कशी मोजतात, ती कोणाच्या हातात पडते आणि काय मोजायचं राहून जातं, हे एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर कासइतकं सोयीचं प्रकरण दुसरं नाही. गावांची नावं सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती तशीच ठेवली आहेत. माणसं, पदाधिकारी आणि अधिकारी यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून पेट्रीच्या पुढे गेलं की जवळपास पंचवीस किलोमीटरवर पठार लागतं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर. खाली बेसॉल्टचा कातळ, वर जांभ्याची टोपी आणि त्यावर मातीचा थर इतका पातळ की पावसाळ्यातसुद्धा बोट खुपसलं तर लगेच दगड लागतो. मोठं झाड इथे धरत नाही. या गरिबीमुळेच फुलं आहेत. कातळावरच्या पाण्याच्या पातळ पडद्यात सीतेची आसवं उगवतात. त्या पाण्यात नायट्रोजनचा दुष्काळ, म्हणून ही इवलीशी वनस्पती मुळांसारख्या धाग्यांवरच्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून भूक भागवते. शेजारी गेंद, तेरडा, कवला, डबक्यात वायतुरा. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी दर सात वर्षांनी एकदम फुलते. सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती या परिसरात नोंदल्या गेल्या आहेत.

हा सगळा खेळ ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. उरलेलं वर्ष काळा कातळ आणि वाळलेलं गवत. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या हिशेबात पठार म्हणजे गुरं सोडायची जागा होती, त्यापलीकडे काही नाही. शेती खालच्या उतारावर, भात आणि नाचणीची. घरटी एखादा मुलगा मुंबईला, बहुधा माथाडीच्या कामाला. कागदावर पठार राखीव वन, म्हणजे मालक वनविभाग.

एक गोष्ट मात्र पठाराच्या कडेलाच होती आणि तिचा हिशेब कोणी पठाराच्या खात्यावर मांडला नाही: कास तलाव. ब्रिटिशांच्या काळात बांधलेला हा तलाव साताऱ्याला पाणी देतो आणि उंचीमुळे ते उताराने आपोआप खाली येतं, पंपाची वीज लागत नाही. याच परिसरात उरमोडीचा उगम आहे. पुढे परळीजवळ तिच्यावर धरण आहे आणि त्याचं पाणी खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत उचलून नेलं जातं. जांभ्याचा सडा, म्हणजे हे उघडं कातळपठार, पावसाचं पाणी मुरवून झऱ्यांना हळूहळू सोडतो.

अडचण

डिजिटल कॅमेरे आले, फोटो फिरू लागले आणि पठाराचं नाव झालं. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांची जागतिक वारसा यादी जाहीर केली. महाराष्ट्रातली स्थळं चार: कास, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. गर्दी त्याआधीच सुरू झाली होती. या यादीने तिला प्रतिष्ठा दिली.

सप्टेंबरमधल्या रविवारी तेव्हा काय व्हायचं, ते पाहिलेली माणसं अजून सांगतात. रस्ता अरुंद आणि कडेला भिंत नाही, त्यामुळे गाडी सरळ सड्यावर चढवायची. चाकाखाली गेंदाचा गालिचा. कुटुंब खाली उतरायचं, सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे, मुलांना फुलांत लोळवून फोटो काढायचे आणि जाताना हातात तेरड्याचा जुडगा. घाटात वाहनांची रांग. गावाला यातून मिळत काय होतं? भाजलेल्या कणसाचे पैसे आणि परत गोळा करायचा कचरा. मुक्कामाचे, जेवणाचे खरे पैसे साताऱ्यात आणि महाबळेश्वरात पडत होते.

अर्थशास्त्रात ही ओळखीची गोष्ट आहे. मोफत आणि मोकळी जागा वापरणाऱ्याला प्रत्येक फेरीत फायदा होतो, नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जातं, त्यामुळे आवरायची इच्छा कोणालाच नसते. इथे मात्र त्यात एक स्थानिक गाठ होती. वारसा यादीचं नाव ऐकताच गावांत धास्ती पसरली. ती उगाच नव्हती. याच डोंगराच्या पलीकडे १९६०च्या दशकात कोयनेच्या जलाशयाखाली गावं गेली, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि २०१०च्या सुरुवातीला कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. ‘संरक्षण’ हा शब्द इथल्या माणसाने ऐकला की त्याला आधी उठवलेली वस्ती आठवते. पठार वाचवायचं तर ज्यांच्याकडून राखण करून घ्यायची, त्यांचाच विश्वास नव्हता.

समोरचे पर्याय

चार वाटा दिसत होत्या.

पहिली, काहीच न करणं. सरकारी कामात हा पर्याय सगळ्यात बलवान असतो, कारण त्याला सही लागत नाही.

दुसरी, कडक बंदी. कागदावर स्वच्छ, पण दोन-चार वनरक्षक शनिवार-रविवारी हजारो लोकांना कसे अडवणार? आणि गावांची धास्ती खरी ठरली असती ती वेगळीच.

तिसरी, एखाद्या ठेकेदाराला किंवा पर्यटन यंत्रणेला प्रवेशाचं काम देणं. पैसा लगेच जमला असता. शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, सड्यावर रस्ते आणि पाये पडले. बाहेरचं भांडवल पठारावर आलं की ते काय करतं, हे बघायला कोणाला लांब जावं लागत नव्हतं.

चौथी, गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना (वनविभागाबरोबर जंगल राखणाऱ्या गावसमित्यांना) एकत्र आणून, वनविभागाच्या देखरेखीखाली तिकीट, वाहनतळ, राखण आणि सफाई त्यांच्याकडे देणं. ही वाट घेतली गेली.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. गावांना लगेच श्रीमंत करणं त्याने साधणारच नव्हतं. पण जो माणूस काल गुरं घेऊन पठारावर जात होता, तोच शिट्टी घेऊन उभा राहिला की त्याला फूल कुठे उगवतं ते कोणी शिकवावं लागत नाही.

काय केलं

सुरुवात नाममात्र शुल्काने झाली. पुढे ते माणशी १०० आणि नंतर १५० रुपयांवर गेलं. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरली आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी आली. गाड्या पठारावर नेणं बंद झालं. घाटाई फाट्याजवळ आणि कासाणीच्या बाजूला वाहनतळ झाले, तिथून मिनीबसने पठारापर्यंत सोडायचं. कुमुदिनी तलावाकडे जाणारा जुना राजमार्ग चालत पाहायची सोय झाली. हंगामात तिकीट, वाहनतळ, मार्गदर्शन, सफाई अशा कामांवर गावातली माणसं घेतली गेली, त्यांत बायकाही.

राखण म्हणजे काय ते जवळून बघण्यासारखं आहे. दोरीच्या आत एक तरुण पाय टाकतो, मैत्रिणीला फोटो हवा असतो. लगेच शिट्टी. पाठोपाठ राखणीवरच्या बाईचा आवाज येतो, “ओ दादा, बाहेर या! फुलावर उभे राहिलात.” तरुण खाली बघतो, त्याला फूल दिसतच नाही. ती बाई उकिडवी बसते आणि बुटाच्या शेजारचं जांभळं टिंब दाखवते. “हे. सीतेची आसवं. आता दोन दिवस इथे काही उगवायचं नाही.” दोन दिवसांचा तिचा अंदाज फारच उदार आहे, पण तरुण ओशाळून मागे येतो. दंडाच्या पाटीने जे होत नाही ते इथे होतं.

मूळ चार गावांच्या व्यवस्थेत पुढे कुसुंबी आणि पाटेघर आली. बाहेरून हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात वाटणीचा प्रश्न होता. पठाराला चिकटलेलं गाव कोणतं, रस्ता कोणाच्या शिवारातून जातो, वाहनतळ कोणाच्या वाट्याला, कामावर घरटी किती माणसं, हे ठरवताना फुलांवर क्वचितच कोणी बोलतं. तरीही व्यवस्था मोडली नाही, वाढली.

आणि कुंपण. युनेस्कोच्या यादीनंतरच्या काळात पठाराच्या फुलांच्या भागाला तारेचं कुंपण पडलं. हेतू साधा होता: माणसं आणि गुरं आत येऊ नयेत. माणसांच्या बाबतीत ते चाललं. गुरांच्या बाबतीत वाद पेटला.

गावकऱ्यांचं म्हणणं असं की गुरं थांबली तशी फुलं कमी झाली, गवत माजलं. हे केवळ चराईचा हक्क परत मिळवायचं निमित्त आहे, असं काही जणांना तेव्हा वाटलं. पण त्यात शास्त्रीय तथ्य आहे. पातळ मातीच्या माळावर चराई अचानक थांबवली की उंच वाढणाऱ्या गवताला मोकळं रान मिळतं, आणि बोटभर उंचीच्या ज्या वनस्पतींना भरपूर उजेड लागतो त्या त्याच्या सावलीत गुदमरतात. जनावर गवत तोडतं, खुराने माती हलवतं, शेणातून आणि अंगावरून बी नेतं. गुरं जास्त झाली तर हेच उलटं होतं. प्रश्न गुरं असावीत की नसावीत एवढाच नव्हता. किती, कधी आणि कुठे, हे ठरवायचं होतं, आणि कुंपण या प्रश्नाला एकच उत्तर देत होतं. शिवाय तारेच्या पलीकडे गव्यासारख्या वन्य प्राण्यांचीही वाट अडत होती. सुमारे दशकभराने हे कुंपण काढलं गेलं.

परिणाम

आधी पैशांचं. शुल्क १०० रुपये असतानाचा हिशेब घेऊ: ३,००० माणसं गुणिले १०० रुपये म्हणजे भरल्या दिवशी कमाल तीन लाख. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा, त्यात धुक्याचे आणि मुसळधार पावसाचे दिवस रिकामे. या पैशांतून हंगामी मजुरी, बस, शौचालयं, सफाई आणि गावातली कामं. मुंबईला गेलेला मुलगा यातून कायमचा परत येत नाही, पण गणपतीला आलेला महिनाभर थांबतो, कारण गावात काम आहे.

आता पर्यटकाच्या बाजूने बघू. पुण्याहून चौघांचं कुटुंब गाडीने येतं. जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे दीड-दोन हजारांचं पेट्रोल. खेड-शिवापूर आणि आनेवाडीचे टोल, वाटेतला नाश्ता, दुपारचं जेवण. ढोबळ हिशेबाने चार-पाच हजार रुपये. त्यात कासची चार तिकिटं, शंभराच्या दराने, चारशेची. हे कुटुंब पठार पाहण्यासाठी तेवढे हजार मोजायला तयार आहे, म्हणजे त्याच्या लेखी पठाराची किंमत निदान तेवढी आहे. अर्थशास्त्रज्ञ प्रवासखर्चाची जी पद्धत वापरतात ती ढोबळमानाने हीच. या किमतीतला दहावा हिस्सा समितीकडे जातो, बाकीचा पंपावर, टोलनाक्यावर आणि हमरस्त्याच्या हॉटेलांत. उद्यानांच्या बाबतीत जगभर हेच दिसतं, पण कासला ते फार उघडं आहे, कारण पठारावर विकायला तसं काहीच नाही.

यातही सगळ्यात मोठा आकडा गाळलेला आहे. २०१५ मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने देशातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांचं आर्थिक मूल्यमापन प्रसिद्ध केलं. त्यांच्या वार्षिक फायद्यांचा अंदाज रणथंबोरच्या ८३० कोटींपासून पेरियारच्या १,७६० कोटींपर्यंत निघाला. एकट्या कॉर्बेटमधून खालच्या प्रदेशाला मिळणाऱ्या पाण्याचं मोल वर्षाला सुमारे १६१ कोटी धरलं होतं. असे आकडे गृहीतकांवर उभे असतात, ते थोडं मागे सरून वाचावेत. पण त्यांचा क्रम खोटा नाही. प्रवेशशुल्क हा संरक्षित क्षेत्राच्या किमतीचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात ठळक भाग असतो. कासला तर तलाव डोळ्यांसमोर आहे. अलीकडे त्याच्या धरणाची उंची वाढवली गेली आणि साठा कित्येक पट झाला. सातारकर जे पाणी पितात त्याच्या पाणलोटाची राखण करणाऱ्या गावांना त्या पाण्याबद्दल पाणीपट्टीतून काही मिळत नाही. फुलांच्या फोटोसाठी पुणेकर पैसे देतो, रोजच्या पाण्यासाठी शेजारी देत नाही. हे सातारकरांनी स्वतः वाचावं म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

२०२० च्या हंगामात कोविडमुळे पठार पर्यटकांसाठी बंद राहिलं. फुलं आली. तिकिटाचा पैसा आला नाही. संरक्षणाचा सगळा डोलारा एका हंगामाच्या गल्ल्यावर उभा असेल तर साथ, रस्ता खचणं किंवा लांबलेला पाऊस, यांपैकी काहीही राखणदाराचा पगार बंद करू शकतं. त्या वर्षी हे कागदावरचं राहिलं नाही.

सामाजिक फायदा मोजायला अवघड, पण दिसायला सोपा. वनविभाग आणि गावं एकमेकांशी बोलतात. भांडतातही, तिकिटावरून, कामाच्या पाळीवरून, वाहनतळावरून. पण ही भांडणं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून होतात. सह्याद्रीत सगळीकडे असं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कुंपण घालण्याआधी पठारावर काही तुकडे आखून ठेवायला हवे होते. काही कुंपणाच्या आत, काही चराईला मोकळे, काही ठरलेल्या महिन्यांतच चराईचे. दर ऑगस्ट-सप्टेंबरला तिथल्या जाती आणि फुलं मोजायची, गावातल्या पोरांकडूनच. खर्च तारेच्या खर्चापुढे काहीच नाही. मग दहा वर्षांनी ‘फुलं कमी झाली’ विरुद्ध ‘पाऊस नीट नव्हता’ हा वाद पुराव्यावर सुटला असता. प्रत्यक्षात कुंपण घातलं तेही विश्वासावर आणि काढलं तेही बऱ्याच अंशी विश्वासावर. काढण्याचा निर्णय मला पटतो. तो ज्या रीतीने झाला ती पटत नाही. आणि आता, मोकळ्या पठारावर, हे तुकडे आखायला अजूनही उशीर झालेला नाही.

दुसरं, ३,०००चा आकडा. मर्यादा असावी यात शंका नाही, पण कोरड्या दिवशीचे तीन हजार आणि चिखलाच्या दिवशीचे तीन हजार यांत पठाराच्या दृष्टीने खूप फरक आहे. पायवाटा ओल्या असताना मर्यादा खाली आणणं, कामाच्या दिवशी शुल्क कमी ठेवून रविवारची गर्दी फोडणं, हे ऑनलाइन नोंदणी आल्यावर सहज शक्य होतं. समितीवर मात्र उलटा दाब असतो. हंगाम छोटा, मजुरी द्यायची, आणि पाचशे किलोमीटरवरून आलेल्याला फाटकावरून परत पाठवायचं कसं?

तिसरं, पाण्याचा वाटा. नगरपालिकेच्या पाणीपट्टीत कासच्या पाणलोटासाठी अगदी छोटी रक्कम धरली असती, तर गावांचं उत्पन्न फुलांच्या हंगामावरून वर्षभरावर आलं असतं. २०२० सारख्या वर्षात तीच समितीची शिदोरी ठरली असती. राजकीयदृष्ट्या हे अवघड आहे, कारण पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव निवडणुकीआधी कोणी मांडत नाही. गेल्या दीड दशकात निवडणूक नसलेली वर्षं मात्र बरीच होती.

चौथी गोष्ट पठाराच्या बाहेरची. राखीव वनाची हद्द संपते तिथून खासगी जमीन सुरू होते आणि कासच्या नावामुळे तिची किंमत वाढते. रस्त्याच्या कडेला हॉटेलं, बंगले, रिसॉर्ट उभे राहतात, त्यांतली काही बांधकामं बेकायदा असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. जमीन विकलेल्या कुटुंबाला एकदा पैसे मिळतात, नंतर त्याच कुटुंबातला मुलगा त्याच रिसॉर्टमध्ये वेटर. पठारामुळे वाढलेली किंमत पठाराच्या बाहेर वसूल होते आणि तिचा ताण पुन्हा पठारावरच येतो: सांडपाणी, रात्रीचे दिवे, बोअरवेल. नवं महाबळेश्वर या प्रस्तावित गिरिस्थानासाठी या डोंगररांगांतल्या शेकडो गावांचं नियोजन एका महामंडळाकडे गेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता चार-सहा गावांपुरता राहिलेला नाही.

समितीतल्या गावांनी आपल्या शिवारातल्या जमिनीच्या वापराबद्दल ग्रामसभेत ठराव करावेत, पायाभूत सुविधा आणि मुक्काम कुठे चालतील, कुठे नाहीत, हे स्वतः नकाशावर आखून त्या नियोजनात दाखल करावं. तिकीटघर चालवणाऱ्या समितीकडे हे काम कोणी सोपवलेलं नाही. पण सहा गावं दर हंगामात एकत्र बसतात अशी दुसरी जागा तिथे नाही, आणि आराखड्यावर हरकती नोंदवायची मुदत कोणासाठी थांबत नसते.